कलम एकशे चौतीस आणि मडीतले बाळाचार्य

मंगला तासगावकर हिने एक्कावन्नाव्या वर्षी मोटार चालवायचं लायसन्स काढलं, आणि ते काढताना हुबळी-धारवाडात सहसा कुणी करत नाही अशी एक गोष्ट केली. तिने नियमांचं पुस्तक वाचलं. चाळलं नाही, वाचलं. पेन्सिलीने खुणा करत, अडलेले शब्द शेजारच्या वकिलांना विचारत. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले, "अक्का, सिग्नलचे तीन रंग आले की पुरे. एवढं वाचून गाडी काय वेगळी चालत नाही." पण मंगलाचं तसं नव्हतं. श्रावणातल्या कहाण्यासुद्धा ती एक ओळ न गाळता वाचायची आणि घरातल्या सगळ्यांना हातात अक्षता धरून बसवायची. अपघातानंतर चालकाने काय करायचं ते कलम एकशे चौतीस तर तिला इतकं पाठ झालं होतं की भाकरी थापताना आपोआप ओठांवर यायचं: जखमीस दवाखान्यात न्यावे, चोवीस तासांच्या आत पोलिसांत वर्दी द्यावी, विमा कंपनीस कळवावे.

तिच्या नवऱ्याला, सदाशिवरावांना, या पाठांतराचं काडीचं कौतुक नव्हतं. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. पणजोबा तासगावहून पाठीवर गाठोडं घेऊन आले तेव्हापासूनचं. सदाशिवराव स्कूटरवरून घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढंच फिरत, तेही रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीला वाट देत. पांढरी मारुती मुलाने घेतलेली. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गाडी दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. मांजर तिच्याखाली दोनदा व्यालं. शेवटी मंगलाने ताडपत्री काढली. सदाशिवरावांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं आणि मग अट घातली. "गाडीवर ओरखडा दिसला, एक जरी, तर किल्ली माझ्या कपाटात. पुढे तू आणि तुझी सिटी बस." माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. गिऱ्हाइकाला सांगितलेला भावसुद्धा त्याने कधी बदलला नाही.

मंगलाने अट मान्य केली आणि पाच महिने गाडी जिवापाड जपली. या पाच महिन्यांत ती एकदा उणकलच्या तळ्यावर गेली, काठावर नुसती बसली, शेंगा खाल्ल्या आणि परत आली. कुणी सोडायला आलं नाही, कुणी न्यायला आलं नाही, कुणी कुठं होतीस म्हणून विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात असं झालं नव्हतं. किल्ली गेली तर हे सगळं जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग २००४ सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, धारवाडच्या मळमड्डीत तिच्या गाडीला बाळाचार्य लागले.

लागले असंच म्हणायला पाहिजे. मंगला थोरल्या बहिणीकडे, सरस्वतीअक्काकडे, निघाली होती. मागच्या सीटवर भाचीच्या लग्नासाठी दुकानातनं काढलेलं गर्भरेशमी लुगडं होतं, गुलाबी कागदात बांधलेलं. गल्ली अरुंद, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये. समोरून बाळाचार्य येत होते. वय सत्तरीच्या पुढं, नेसूचा पंचा ओला, हातात पाण्याने भरलेला तांब्या. दोन गल्ल्या पलीकडे प्रभंजनरावांच्या घरी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं आणि आचार्यांना तिथे पितरांच्या जागी जेवायला बसायचं होतं, म्हणून विहिरीवर स्नान करून ते मडीत निघाले होते. आपण ज्याला सोवळं म्हणतो त्याला इकडे मडी म्हणतात. मडीतला माणूस घरच्या नातवालाही शिवत नाही, मग परक्याची काय कथा. म्हणून आचार्य बरोबर रस्त्याच्या मधून चालत होते. डावीकडे भिंत, उजवीकडे भाजीवाली, दोन्ही वर्ज्य.

एवढ्यात एक कुत्रं मागून शेपटी हलवत त्यांच्याकडे आलं. आचार्य "हाड, हाड" करत त्याच्याकडे वळून बाजूला सरले, कुत्र्याला तो खेळ वाटला, ते आणखी पुढं आलं, आणि आचार्य मागे न बघता दोन पावलं उलटे चालत गेले ते थेट गाडीवर. मंगलाने ब्रेक दाबला होता, गाडी जवळपास उभीच होती. तरी बाजूचा आरसा त्यांच्या कोपराला लागला, पाय मुरगळला आणि ते मटकन खाली बसले. तांब्या दारावर घासत खाली गेला आणि खणखणत गटारापाशी जाऊन थांबला. पांढऱ्या दारावर वीतभर लांब ओरखडा उमटला.

मंगला धावत उतरली आणि त्यांना उठवायला वाकली.

"मुट्टब्याड्री, शिवू नका," आचार्य दोन्ही हात पुढं करत म्हणाले. "मडीत आहे मी. आरशाची काच लागली तरी चालते, माणूस नाही."

"आचार्य, पाय बघू द्या."

"लांबनं बघा."

तिने लांबनं पाहिलं. घोटा लिंबाएवढा सुजला होता. समोर भाजीची पाटी घेऊन बसलेली सोनाबाई उठून आली. अळणावरकडची बाई, रोज सकाळी रेल्वेने मेथी घेऊन यायची. तिने कुत्र्याला हाकललं, आचार्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि निकाल दिला. "सोताच आले की उलटे चालत. माज्या डोळ्यांदेखत. तू जा अक्का, थांबू नगंस."

"हौदु, हौदु, खरं आहे," आचार्यही म्हणाले. "तुमचा काही दोष नाही. जा तुम्ही."

म्हणजे जखमी जा म्हणत होता, साक्षीदार जा म्हणत होती, गल्लीत चौथं कुणी नव्हतं, आणि गाडीचं इंजिन अजून चालू होतं. मंगला खोटं कशाला बोलेल, तिला जावंसं वाटलं. ओरखड्याचं काय, अक्काच्या फाटकाला घासलं म्हणून सांगता आलं असतं. फाटकाला घासलेलं अटीत धरायचं की नाही यावर निदान वाद तरी घालता आला असता. क्षणभर तिचा हात दाराच्या कडीवर गेलाही. पण म्हातारा माणूस ओल्या पंच्यात, जानेवारीच्या गारठ्यात, रस्त्यावर बसलेला. तिने आत हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग स्वतःवरच चिडून ती आचार्यांना म्हणाली, "मला जाता येत नाही. तुम्हाला दवाखान्यात न्यायला हवं. कलम एकशे चौतीस."

"कसलं कलम?"

"जखमीला जवळच्या डॉक्टरकडे न्यायचं. दोनच वेळा सूट आहे. एक, जमाव चिडून अंगावर आला तर."

आचार्यांनी जमावाकडे पाहिलं. जमाव मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता.

"आणि दुसरी?"

"जखमीची स्वतःची इच्छा नसेल तर."

"मग झालं की. माझी इच्छा नाही. बारा वाजता श्राद्धाची वेळ, मी पोचलो नाही तर प्रभंजनरावांचे पितर उपाशी जातील. दवाखाना मागनं."

"तसं लिहून द्या," मंगला म्हणाली आणि पर्समधून पेन काढलं. पुस्तकात लिहून घ्यायचं कुठेच नव्हतं, पण व्यापाऱ्याच्या घरात तीस वर्षं काढलेली बाई तोंडी गोष्टीवर विश्वास ठेवत नाही.

आचार्यांनी पेनाकडे पाहिलं. "तुमचं पेन मी धरलं तर मडी गेली."

"मग परत स्नान करा, गरम पाणी देते कुठनं तरी मागून."

"दुसऱ्याने काढलेलं पाणी चालत नाही, बाई. विहिरीतनं स्वतः शेंदायचं. या पायावर?"

आता मात्र पेच पडला. आचार्यांना चालता येत नव्हतं. कुणी हात द्यायचा नव्हता. रिक्षात बसायचं तर तिथे सकाळपासून गावभरचे लोक बसून गेलेले. वेळ सव्वाअकरा. सोनाबाईने खाटेवरून न्यावं असं सुचवलं, पण खाट सुंभाची निघाली असती आणि धरणारे चारजण कुठल्या मडीत होते. आचार्यांचे डोळे पाणावले. "चाळीस वर्षांत एकाही घरचं श्राद्ध माझ्यामुळे चुकलं नाही," ते हळूच म्हणाले.

मंगलाला त्यांची फार दया आली. आणि त्याच क्षणी तिला रेशीम आठवलं. तिची सासू सोवळ्यात रेशमाशिवाय दुसरं काही मानायची नाही.

"आचार्य, रेशीम चालतं ना?"

"चालतं. कोरं असेल तर."

"कोरं करकरीत आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही."

तिने मागच्या सीटवर लुगडं पसरलं; पदर पाठीला, काठ पायदानापर्यंत. आचार्य एका पायावर उड्या मारत, सोनाबाईने लांबून पुढं केलेला बांबू न धरता, दाराला न टेकता आत शिरले आणि लुगड्याच्या बरोबर मधोमध बसले. भाचीच्या लग्नातल्या लुगड्याची घडी अशा रीतीने बाळाचार्यांनी मोडली. सोनाबाईने तांब्या काठीने ढकलत ढकलत गाडीत घातला. मळमड्डीच्या दोन गल्ल्या मंगलाने इतक्या हळू पार केल्या की सायकलवाले पुढं जाऊन मागं वळून बघत होते. गचका बसून आचार्य रेशमाबाहेर गेले असते तर सगळंच मुसळ केरात.

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना प्रभंजनरावांच्या दारात गाडी थांबली. आचार्य उड्या मारत आत गेले. मंगला बाहेरच बसली.

"तुम्ही आता जा, अक्का," प्रभंजनराव येऊन म्हणाले.

"माझं अजून व्हायचंय," ती म्हणाली.

अडीच तास ती बसली. मधे कोपऱ्यावरच्या बूथवरून सरस्वतीअक्काला उशीर होईल म्हणून कळवलं आणि विम्याच्या एजंटलाही फोन केला. तो तर कळवळून म्हणाला, "वहिनी, माझी एवढ्या वर्षांची नोकरी, असा फोन मला कुणी केला नाही. ओरखडाच आहे ना, कशाला लिहायचं?" तिने त्याला तारीख, वेळ आणि गल्लीचं नाव लिहून घ्यायला लावलं आणि परत वाचून दाखवायला लावलं. मग श्राद्ध आटोपलं, प्रभंजनरावांच्या घरून पानावर दोन वडे आणि खीर आली, आणि तृप्त झालेले आचार्य दारात येऊन म्हणाले, "आता मडी संपली. आता कुणीही शिवा." मंगला आणि प्रभंजनरावांनी त्यांना धरून गाडीत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर असल्याचं सांगितलं, पांढरं प्लॅस्टर घातलं आणि इतका वेळ कुठे होतात म्हणून विचारलं. "जेवायला," आचार्य म्हणाले.

उरले पोलीस. ठाण्यात हवालदार कृष्णप्पा टेबलाशी चहा पीत बसले होते. आचार्यांना बाकावर बसवून मंगला पुढं झाली.

"तक्रार कुणाची?" कृष्णप्पांनी कानडी-मराठीच्या मिसळीत विचारलं.

"तक्रार नाही, वर्दी. माझीच."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याचविरुद्ध म्हणा."

कृष्णप्पांनी कप खाली ठेवला. आचार्यांकडे वळून म्हणाले, "आचार्रे, तुमची काही तक्रार?"

"एनू इल्ला, काही नाही. मीच उलटा चालत गेलो. कुत्रं होतं."

"मग कुत्र्याविरुद्ध लिहू का, अक्का?" कृष्णप्पा थट्टेने म्हणाले. तिने शांतपणे कलम म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कृष्णप्पांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत ते इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने डायरी ओढली आणि गाडीची कागदपत्रं मागितली. गाडी मुलाने जाताना वडिलांच्या नावावर करून दिली होती, म्हणून मालक म्हणून सदाशिवरावांना दुकानात फोन गेला. कृष्णप्पा फोनवर मोजकंच बोलले: तुमच्या गाडीला अपघात झालाय, तुमच्या मिसेस इथं ठाण्यात बसल्यात.

मंगला बाकावर जाऊन बसली. आता संपलं, तिला वाटलं. चूक केली असं वाटत नव्हतं, पण रडू मात्र येत होतं.

तासाभरात सदाशिवराव आले. हुबळीहून बस, बसस्टँडवरून रिक्षा. दुकानातल्या गादीवरून उठून ते तसेच धावले असावेत, कारण डाव्या पायात त्यांची चप्पल होती आणि उजव्या पायात कुणा गिऱ्हाइकाची. शर्टाचं एक बटण उघडं, कपाळावर घाम. त्यांनी मंगलाकडे एकदा बघितलं, हात-पाय जागेवर आहेत याची खात्री केली, आणि थेट टेबलाशी जाऊन म्हणाले, "साहेब, गाडी मी चालवत होतो."

कृष्णप्पांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही?" कृष्णप्पा म्हणाले. "तुम्हाला मी आत्ता दुकानात फोन केला."

"हो, पण त्याआधी. माझ्याकडून झालं. तिचं नाव कुठे घालू नका. जे काय असेल ते माझ्यावर घ्या."

"बरं. लायसन्स दाखवा."

सदाशिवरावांनी पाकीट काढलं. त्यातून बालाजीचा फोटो निघाला, बसचं तिकीट निघालं, आणि स्कूटरचं लायसन्स निघालं, तेही तीन वर्षांपूर्वी संपलेलं. कृष्णप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे बिनलायसन्सची मोटार चालवली. हा मोठा गुन्हा झाला, सावकार. लिहू?"

सदाशिवराव घाबरले, पण मागे सरले नाहीत. ओठ पुसून म्हणाले, "लिहा."

मंगला उठली. हा माणूस ओरखड्यावरून किल्ली काढून घेणारा, आणि हाच तिच्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता, गिऱ्हाइकाची चप्पल घालून. तिला राग आला. सकाळपासून तिने एकेक गोष्ट रीतसर केली होती, आणि आता हे येऊन सगळं खोटं पाडत होते.

"अहो, बाजूला व्हा," ती म्हणाली. "गाडी मी चालवत होते. ब्रेकही मीच लावला, म्हणून आचार्य बाकावर बसलेत. लिहा, कृष्णप्पा. चालक, मंगला सदाशिव तासगावकर."

आचार्यांनी मान हलवली. कृष्णप्पांनी लिहिलं. चालकाचं नाव, चालकाचं वय, चालकाचा लायसन्स नंबर. मंगलाने वाकून वाचलं. रेशनकार्डावर ती पत्नी होती, मतदारयादीतही पत्नी होती. तिने सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

बाहेर गाडीपाशी सदाशिवरावांनी दारावरचा ओरखडा पाहिला. बोट फिरवून पाहिला. मग हात पुढं केला. मंगलाने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. ती जाणार हे तिला सकाळी गल्लीत इंजिन बंद करतानाच कळलं होतं.

तेवढ्यात कृष्णप्पा पायरीवर आले. "सावकार, ऐका. उद्या अकराला मोटार निरीक्षक येऊन ब्रेक तपासणार. गाडी घेऊन यायचं."

"ड्रायव्हर बघून पाठवतो."

"ड्रायव्हर कशाला? वर्दीत नाव आहे त्या चालकाने स्वतः आणायची. नाहीतर ते परत पाठवतील. आणि आता आचार्यांना घरी कोण सोडणार? तुम्ही सोडता?"

सदाशिवराव किल्ली मुठीत धरून उभे राहिले. गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन त्यांनी दाराकडे पाहिलं, स्टिअरिंगकडे पाहिलं. मग परत आले आणि किल्ली मंगलाच्या हातात दिली. दिली म्हणजे टाकली नाही. हातात ठेवून तिची बोटं वरून मिटली.

आचार्यांना घरी सोडून, लुगडं अक्काच्या हवाली करून आणि उशिराच्या आणि मोडलेल्या घडीच्या अशा दोन तऱ्हेच्या शिव्या खाऊन दोघं हुबळीच्या रस्त्याला लागली. सदाशिवराव पुढं, तिच्या शेजारी बसले होते. अर्ध्या वाटेवरचं नवनगर येईपर्यंत ते समोरच बघत होते.

"खोटं कशाला बोललात?" तिने विचारलं.

"तुला पोलिसांच्या बाकावर बसलेली बघवलं नाही." त्यांनी पायातल्या परक्या चपलेकडे पाहिलं. "आचार्य सांगत होते. सगळे जा म्हणत होते ना तुला?"

"हो."

"मी असतो तर गेलो असतो," सदाशिवराव म्हणाले. आवाज खाली गेला होता. "म्हाताऱ्याला तिथंच सोडून. ओरखड्याचं काहीतरी सांगितलं असतं कुणाला."

"माहीत आहे," मंगला म्हणाली. पुढं एक म्हैस रस्ता ओलांडत होती. तिने गाडी थांबवली, म्हशीला जाऊ दिलं आणि परत गिअर टाकला.